आठव्या खाटेपाशी नमस्कार

"पूजा होस्तोवर तोंड उघडायचं न्हाय. घर पेटलं तरी न्हाय. ध्यानात ठिव."

सासूबाईंचा, विठाबाईंचा, हा आवाज मी एकतीस वर्षं पहाटे डोळा उघडल्याबरोबर ऐकते. त्या जाऊन चौदा वर्षं झाली, आवाज काही गेला नाही. आधी तो, मग मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्याची सायकल, मग नळाला येणाऱ्या पाण्याची गुळणी. उठायचं, अंघोळ, देवाची भांडी घासायची, फुलं, गंध, दत्ताच्या नावाची एक माळ, आणि आरतीचं तबक खाली ठेवेपर्यंत एक अक्षर नाही. आजही तो आवाज आला. खरं तर आज कसली पूजा? सुतकाचा सहावा दिवस. देव कोपऱ्यात पाटावर पंचा पांघरून बसलेत, बाजूला ह्यांचा फोटो आणि तेवणारी समई. तरी मी सवयीनं तोंड मिटूनच उठून बसले, आणि उशाखाली मोबाईल थरथरला. जुलेखानं बोलून पाठवलेला निरोप होता. शेजारी नणंद झोपलेली, म्हणून कानाशी घट्ट धरून ऐकला. "काकी, सिकंदरला रात्रीपासनं थंडी वाजून ताप भरलाय. प्रेशर उतारलंय म्हणत्यात. रक्त तपासायला नेलंय. काकी, तुमी म्हणाला हुता." एवढंच. रडत नव्हती. शेवटच्या वाक्यानंतर दोनतीन सेकंद नुसता श्वास होता आणि मागे आयसीयूच्या त्या दाराची उघडझाप. ते दार मी झोपेतही ओळखीन. सिकंदर तिचा नवरा. गारगोटी रोडला मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला म्हणून तो नऊ नंबरच्या खाटेवर आहे, अठरा दिवस झाले. त्याच्या शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवर माझा नवरा होता. जोतीराम. सहा दिवसांपूर्वीपर्यंत होता.

मला राग येत नाही असं सगळे म्हणतात. ह्यांच्या बहिणी म्हणतात, शेजारी म्हणतात, देवळातल्या बायका तर माझं नाव घेऊन आपल्या सुनांना सांगतात. माझा आवाजच मुळी बारीक, भाजीवालीसुद्धा दोनदा विचारते, "काय म्हणालासा?" पण गेले सहा दिवस माझ्या छातीत काहीतरी कढतंय, आणि त्याला राग नाही तर काय म्हणायचं ते मला कुणी सांगावं. दूध उतू जातं तसं ते नाही. उतू गेलं की निदान विझतं. हे आतल्या आत आटत चाललंय, तळाला लागतंय, करपल्याचा वास नाकात बसलाय. भेटायला येणारी माणसं म्हणतात, "पुण्यवान माणूस, झोपेत गेला." मी मान हलवते. झोपेत? हातापायाची बोटं काळीनिळी पडली होती. चेहरा इतका सुजला होता की मी दुसऱ्याच खाटेशी आले की काय असं मला वाटलं होतं.

ह्या मौनाचं गल्लीत कौतुक आहे. त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे. आमचा सम्राट तीन वर्षांचा असताना मी देवापुढे बसले होते आणि तो स्टोव्हजवळ गेला. रॉकेलची बाटली दोन्ही हातांनी उचलून त्यानं तोंडाला लावली. मी ओरडले नाही. उठले, झेप घेतली, बाटली हिसकली, पोराच्या तोंडात बोट घातलं, आणि हे सगळं ओठ मिटून. सासूबाई दारातून बघत होत्या. दुपारी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "पोराच्या जिवावर बेतलं, पर माझ्या सुनंनं मौन मोडलं न्हाय. दत्तानंच राखलं त्याला!" मला किती अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते. पोराला दत्तानं राखलं असेल, पण मधे माझे हात होते, दोन पावलांवरच होते, म्हणून ते पुरले. सगळीकडे हात पुरत नाहीत, हे त्या बाईनं मला का सांगितलं नाही? आणि मला तरी ते का कळलं नाही? मी काय लहान होते?

ह्यांना माझ्या मौनाची थट्टा करायला फार आवडायचं. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, ओतकामाचे नमुने, करायचे ते. चाळीस वर्षं रंधा मारून तळवे असे झाले होते की माझ्या पातळाला नुसता हात लागला तरी धागा निघायचा. सकाळी मुद्दाम विचारायचे, "माझा चष्मा कुठाय गं? बोल की. बरं, न्हाय बोललीस तर तू मला रुपाया लागतीस." मी डोळे वटारले की हसायचे. "आमच्या घरात सकाळचा रेडू बंद असतुया," असं कारखान्यात सांगायचे, रेडिओ म्हणजे मी. आतड्याला पीळ पडला म्हणून ऑपरेशन झालं तेव्हाही दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य हेच, "काय गं, आज रेडू चालू हाय का बंद?" डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस आयसीयूत नुसतं लक्ष ठेवायला, मग खालच्या वॉर्डात, मग घरी. ह्यांनी बोटावर मोजून सांगितलं, "शुक्रवारी घरी. रविवारी तांबडा पांढरा. तू खाऊ नगंस, नुसता वास घे." मी मटण खात नाही, पण ह्यांच्यासाठी करत आले.

आयसीयूत आत सोडायचे सकाळी सहा ते सव्वासहा. एकालाच. मी पाचला अंघोळ करून जायची आणि परत येऊन पूजा करायची, म्हणजे ती पंधरा मिनिटं माझ्या मौनात पडायची. मनात आणलं असतं तर पूजा साडेचारला उरकता आली असती. किंवा नसती केली एक दिवस. पण नाही. ह्यांनाही ते चालायचं. मी नुसती उभी राहायची, कपाळाला हात लावायची, ते डोळ्यांनी काहीबाही बोलायचे. बाहेर एका खुंटीवर नातेवाइकांनी घालायचा हिरवा झगा असे. एकच. बारा खाटांची माणसं तोच झगा काढायची, तोच घालायची. बगलेत तो कायम ओलसर लागायचा. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं मोठं रंगीत चित्र होतं, सहा पायऱ्या, खाली लिहिलेलं, 'तुमचे हात, त्यांचा जीव'. चित्राखालच्या बाटलीचं डोकं दाबलं की नुसती फुस्स हवा यायची. पहिल्या दिवशी मला वाटलं आजच संपली असेल. दुसऱ्या दिवशीही फुस्स, तिसऱ्या दिवशीही. आणि मी! जी देवाला हात लावण्याआधी तीनदा हात धुते, उंबऱ्याला हात लागला तरी धुते, जिच्या ओल्या पातळाला पोराचा धक्का लागला तर पुन्हा अंघोळ करते, ती मी तिन्ही दिवस रिकामी बाटली दाबून तशीच आत गेले. इथलं सोवळं डॉक्टरांचं, ते त्यांनाच ठाऊक, आपण कोण बोलणार, असं म्हणत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते घडलं. सात नंबरला मलकापूरचे एक म्हातारबाबा होते. त्यांच्या रक्तात जंतू गेलेत हे त्यांच्या लेकीकडून आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. वर्षाराणी नावाची सिस्टर त्यांची लघवीची पिशवी रिकामी करत होती. ती मुलगी वाईट नव्हती, हे मला इथंच सांगायचंय. ह्यांना 'आप्पा' म्हणायची, ओठ सुकले की कापसानं पाणी लावायची. बारा खाटांना दोघीजणी, आणि त्या रात्री दुसरी आलीच नव्हती म्हणून हिची दिवसाची पाळी पुढे रात्रीवर चढलेली. तिचे डोळे लाल होते. पिशवी खाली ठेवून ती तशीच आमच्याकडे वळली, त्याच निळ्या हातमोज्यांनी. ह्यांच्या मानेत नळी घातली होती. त्या नळीच्या टोपणाकडे सिस्टरचा हात निघाला. मला ते सगळं दिसलं. घशापर्यंत शब्द आला, 'बाई, हात.' दोनच शब्द. आणि वरून तो दुसरा आवाज आला, घर पेटलं तरी न्हाय. मी काय केलं? दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून दाखवले. हात धुवा, हात धुवा. भिंतीवरच्या चित्रातली पहिलीच पायरी. तिनं वर बघितलं. एक म्हातारी बाई, कपाळावर बुक्का, हात जोडून उभी. तिला वाटलं मी नमस्कार करतेय. त्या दमलेल्या चेहऱ्यावर इतकं छान हसू आलं. तिनंही तेच निळे हातमोजे एकमेकांना जोडले, मान लववून मला नमस्कार केला, आणि त्याच हातांनी ह्यांच्या मानेतल्या नळीचं टोपण फिरवून उघडलं.

शुक्रवार आला, आणि ह्यांचे दात वाजायला लागले. तीन पांघरुणं घातली तरी खाट हलत होती. शनिवारी तोंडात नळी घालून मशीनवर घेतलं. रविवारी डॉक्टरांनी मला आणि सम्राटला आत बोलावलं. तरुण, गोरे, बोलणं मऊ. "काकू, सिव्हिअर सेप्सिस आहे. म्हणजे इन्फेक्शन रक्तात पसरलंय, आणि आता प्रेशर, किडनी सगळ्यावर त्याचा परिणाम व्हायला लागलाय. आम्ही सगळं करतोय. आयसीयूत हे कॉमन असतं हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." कॉमन. सम्राटनं मान डोलावली, म्हणून मीही डोलावली. बाहेर येऊन बाकावर बसले, आणि तो शब्द दाताखाली खडा यावा तसा आला. आमच्या दोन घरांत भिंत कॉमन आहे. पूर्वी गल्लीत नळ कॉमन होता. मरण कसं कॉमन असतं?

मी माळ काढली, पण जप होईना. मग काय झालं कोण जाणे, मी समोरच्या माणसांवरून माळ ओढायला लागले. आयुष्यात कधी अनोळखी माणसाशी आपणहून बोलले नव्हते, त्या दुपारी एकेकाशेजारी जाऊन बसले. तुमचं कोण? काय सांगितलं डॉक्टरांनी? जयसिंगपूरच्या एका बाईंचा भाऊ, विषारी औषध पोटात गेलेला, आता ताप उतरत नाही, जंतू. बाळंतपणानंतर आलेली एक पोर, जंतू. सातचे मलकापूरकर, जंतू, लघवी बंद. तीन नंबरचे मास्तर पक्षाघातानं आलेले, आता छातीत जंतू, प्रेशर औषधावर. आणि आम्ही. बारा खाटा, पाच मणी. त्यातले तिघे असे की मूत्रपिंडं तरी थांबलेली किंवा प्रेशर तरी औषधावर टिकवलेलं. पाचातले दोघं आधीच ते घेऊन आले होते, हे खरं. पण तिघं आले होते दुसऱ्याच कशानं. जुलेखा माझ्या शेजारी डबा उघडून बसली होती. तिला मी हे सगळं हळू आवाजात सांगितलं, ते निळे हातमोजेसुद्धा. तिनं हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "आणि काकी, तुमी गप बसला?" तिच्या आवाजात दोष नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. मी म्हणाले, "माझं मौन होतं गं." तिला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला. सांगता सांगता माझीच मला लाज वाटली. ती म्हणाली, "रोजा असताना तहान लागून जीव जायला लागला तर रोजा सोडायला मुभा हाय आमच्यात. तुमच्यात न्हाय व्हय?" असेल की! आमच्यात का नसेल? मलाच कुणी मुभा दिली नव्हती, आणि मी कधी मागितली नव्हती.

हे गेले, आणि ह्यांना घरी न्यायची वेळ आली तेव्हा बाहेरच्या पॅसेजमध्ये जुलेखानं माझं मनगट धरलं. "काकी, माझा मानूस अजून आत हाय. मी बोललो तर म्हणतील, बाई भांडकुदळ हाय. तुमचं ऐकतील. तुमी डोळ्यांनी बघितलंय. मोठ्या डॉक्टरांच्या पुढ्यात एकदा बोला." मी म्हणाले, "बोलीन." तिनं मनगट सोडलं नाही. "कधी?" "उद्या," मी म्हणाले. "उद्या येते." ते उद्या होऊन पाच दिवस झाले. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडल्यानं. खाली आतड्याच्या ऑपरेशनचा उल्लेख. सेप्सिस हा शब्द कुठेही नाही. मी सम्राटला म्हणाले, "अरे, मग ते कॉमन कुठं गेलं?" तो म्हणाला, "आई, आता त्यानं काय फरक पडतोय?" एवढं कॉमन आहे तर लिहायला हात का जड होतो यांचा? पाच मणी मी मोजले, त्यातला एक कागदावर आलाच नाही. असे किती जण घरी नेले असतील लोकांनी, हृदय बंद पडलं, हृदय बंद पडलं म्हणत? मेल्यावर सगळ्यांचंच हृदय बंद पडतं.

नणंदेला, बायडाबाईंना, मी दुसऱ्याच दिवशी हळूच म्हणून बघितलं होतं, "वन्सं, हॉस्पिटलात एकदा जाऊन यायचंय." त्यांनी भिंती हलतील असा आवाज काढला. "खुळी का काय तू? सुतकात उंबरा वलांडत्यात व्हय? रक्षाविसर्जन व्हायचंय, दहावा हाय, बारावा हाय, आणि ही निघाली गावभर!" मला बरंच वाटलं. इथं मला खोटं बोलता येत नाही म्हणून लिहिते, अगदी बरं वाटलं, हायसं वाटलं. कारण मी सुतकामुळे थांबले नव्हते. मला भीती होती ती वेगळीच, आणि ती मी जुलेखालाही सांगितली नव्हती. मी रोज सकाळी आत जाताना कनवटीला वाडीच्या दत्ताचा अंगारा न्यायची. कागदाची पुडी, देवघरातली. तो ह्यांच्या कपाळाला लावायची, गळ्याला लावायची, आणि ऑपरेशनच्या पट्टीवरसुद्धा चिमूटभर टाकायची. सिस्टर पाठमोरी असताना. बाटलीत हवा होती, म्हणजे माझे हात तरी कुठे धुतलेले होते? रिक्षाची दांडी, जिन्याचा कठडा, तो ओलसर झगा, आणि मग ह्यांचा गळा. मी तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी एवढंच विचारलं, 'काकू, तुम्ही काय लावत होता?' तर? सम्राटसमोर विचारलं तर? ते हातमोजे नसतीलही. त्या ऑपरेशनमधूनही झालं असेल. कशातून झालं ते कुणीच सांगू शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या एका वाक्याच्या आड ते लपले, तशीच मीही पाच दिवस लपले. बाहेर लोक म्हणत होते, किती शांत बाई. आणि शांत बाई आत हिशेब लावत होती की आपला हात कुणाला दिसला नाही ना.

देवा, मी तुझ्यावरही चिडलेय. हे पंच्याखाली तोंड झाकून बसलेल्या तुला म्हणते. एकतीस वर्षं मी तुला माझी प्रत्येक सकाळ दिली. तू ती घेतलीस. त्या एका सकाळी तू मला दोन शब्द परत द्यायचे होतेस. मागितले नव्हते मी, खरं आहे. पण पोर मागत नाही तरी आई पाजते.

पाच वाजून वीस मिनिटं. निरोप मी पुन्हा एकदा ऐकला. 'काकी, तुमी म्हणाला हुता.' सहाला दार उघडेल. सिकंदरच्या मानेतही नळी आहे. आज सकाळीसुद्धा कुणीतरी थकलेली पोर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे वळेल, आणि बाटलीत हवा असेल. उठले. गार पाण्यानंच अंघोळ केली, हात कोपरापर्यंत तीनदा धुतले, आणि मोरीतली साबणाची नवी वडी कागदासकट पिशवीत टाकली. मग कोपऱ्यात गेले. सुतकात देवाला शिवू नये. मी शिवले नाही, फक्त फळीवरची अंगाऱ्याची पुडी घेतली. ती तशीच, अर्धी संपलेली. तीही पिशवीत ठेवली. ही आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. आधी माझा हात, मग त्यांचे. त्याशिवाय माझ्या बोलण्याला उभं राहायला जमीन नाही.

दाराची कडी काढताना वाजलीच. बायडाबाई ताडकन उठून बसल्या, केस सुटलेले, आवाज तोच. "कोण हाय? सुगंधे? आगं कुठं निघालीस येरवाळी, पहाटंची? सुतक हाय न्हवं? लोकं शेण घालतील तोंडात! कुठं निघालीस म्हणते मी? बोल की!" आणि मग आठवल्यासारखं कपाळावर हात मारून घेतला. "मौन असल हिचं. आता पूजाच न्हाय तर हिचं मौन सुटायचं कवा?"

समई तेवत होती. फोटोतले हे हसत होते, रेडू चालू आहे का बंद, अशा डोळ्यांनी. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती खरखर झाली. मी पुन्हा तोंड उघडलं.

"वन्सं," मी म्हणाले, "दार लावून घ्या."

मी चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरले.